श्वास सोडल्यावर दिसणारा आजार

सोनोग्राफीच्या टेबलावर आडव्या झालेल्या माणसाला मी दिवसातून चाळीस-पन्नास वेळा एकच वाक्य म्हणतो : ‘मोठा श्वास घ्या... धरून ठेवा.’ झोपेतही म्हणतो, असं घरच्यांचं म्हणणं आहे. त्यामागचं कारण साधं आहे. श्वास आत घेतला की छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा खाली उतरतो, त्याच्याबरोबर यकृत बरगड्यांच्या आडून बाहेर येतं आणि स्क्रीनवर नीट दिसतं. पित्ताशयातले खडे बघायचे तरी हेच, स्वादुपिंड बघायचं तरी हेच.

पोटाचा एक आजार मात्र नेमका या वाक्याच्या आड लपतो. मीडियन आर्क्युएट लिगामेंट सिंड्रोम हे त्याचं नाव, अर्थ पुढं येईलच. श्वास धरून ठेवला की तो बराचसा पुसला जातो आणि श्वास पूर्ण सोडला की उघडा पडतो. मला तो पहिल्यांदा भेटला तेव्हा मी दोनदा ‘नॉर्मल’ असा रिपोर्ट देऊन बसलो होतो.

आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातली मुलगी, वय चोविसेक. ओळख पटू नये म्हणून बाकी तपशील बदलले आहेत. लग्नाला तीन वर्षं झालेली, सोबत सासू. काय होतंय विचारलं तर म्हणाली, “जेवलं की दुखायलंय सर. हितं.” आणि बोट अचूक दोन्ही बरगड्या जिथं भेटतात त्याच्या खालच्या खोबणीत ठेवलं. अर्धी भाकरी पोटात गेली की पंधरा-वीस मिनिटांत कळ सुरू, तास-दीड तास राहते, मग आपोआप ओसरते. दीड वर्षात अकरा किलो वजन उतरलेलं. सासू म्हणाली, “जेवणच जाईना गेलंय तिला. खाल्लंच नाही तर अंगाला काय लागल?” तोवर पित्ताच्या गोळ्या झाल्या होत्या, अल्सरच्या झाल्या होत्या, दुर्बिणीची तपासणी झाली होती आणि तीत काही निघालं नव्हतं. गावात दृष्ट काढून झाली होती, कुणीतरी करणीचंही सुचवलं होतं. एका चिठ्ठीवर मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा, असंही लिहिलेलं. शेजारपाजारच्या बायकांचं निदान सगळ्यात झटपट होतं : हिला सासरचं अन्न गोड लागत नाही.

माझी सोनोग्राफी दोन्ही वेळेस स्वच्छ होती. यकृत छान, पित्ताशय छान, मूत्रपिंडं छान. श्वास घ्या, धरा, सोडा, पुढचा पेशंट.

कमान, पाइप आणि फाटा

मी औरंगाबादच्या घाटीत, म्हणजे तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात, शिकत होतो तेव्हा पाणचक्कीजवळच्या महमूद दरवाजातून जाणं-येणं असे. औरंगाबाद म्हणजे दरवाजांचं गाव, आता नाव छत्रपती संभाजीनगर. जुनी दगडी कमान आणि तिच्या खालून जाणारा रस्ता. शरीरशास्त्राच्या तासाला पोटातली कमान शिकवली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तोच दरवाजा आला आणि अजूनही येतो.

छाती आणि पोट यांच्यामधला जो स्नायूचा पडदा, त्याला श्वासपटल म्हणतात. मागच्या बाजूला, कण्याजवळ, या पडद्याचे दोन जाड पाय खाली उतरून मणक्यांना घट्ट धरतात. हे दोन पाय वर जिथं एकमेकांना जोडले जातात, तिथं चिवट तंतूंचा एक पट्टा तयार होतो आणि त्याचा आकार कमानीसारखा असतो. हृदयापासून निघालेली शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी, म्हणजे महाधमनी, या कमानीखालून छातीतून पोटात शिरते. ही जागा साधारण छातीच्या शेवटच्या, म्हणजे बाराव्या मणक्याजवळ येते. त्या पट्ट्याचं नाव मीडियन आर्क्युएट लिगामेंट. आर्क्युएट म्हणजे धनुष्यासारखा वाकलेला.

पोटात शिरल्या शिरल्या महाधमनीला समोरच्या बाजूनं पहिला मोठा फाटा फुटतो, तो सीलिअ‍ॅक धमनीचा. हा फाटा जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर लांब असतो आणि लगेच त्याच्या तीन शाखा होतात : एक जठराकडे, एक प्लीहेकडे, एक यकृताकडे. या तीन वाटांनी जठर, यकृत, प्लीहा, स्वादुपिंडाचा बराच भाग आणि लहान आतड्याची सुरुवात इतक्यांना रक्त पोचतं. त्याच्या साधारण सेंटिमीटरभर खाली दुसरा मोठा फाटा निघतो, तो लहान आतड्याचा बराचसा आणि मोठ्या आतड्याचा अर्धाअधिक भाग सांभाळतो. तिसरा आणखी खाली, मोठ्या आतड्याच्या उरलेल्या भागासाठी.

(सीलिअ‍ॅक हे नाव ऐकून गव्हाचं पथ्य आठवलं असेल तर सांगून ठेवतो, त्या आजाराचा इथं काही संबंध नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता ‘पोट’ असा आहे, म्हणून दोन्हीकडे तेच नाव चिकटलं. आमच्याकडे एका बाईंनी हे नाव रिपोर्टवर वाचून सहा महिने गहू सोडला होता. ज्वारीच्या भाकरीवर त्यांची तब्येत छान राहिली, तो भाग वेगळा.)

दरवाजाची उपमा मला प्रिय असली तरी नेमकी अडचण समजवायला ती कमी पडते. त्यासाठी घरावरच्या पाण्याच्या टाकीकडे बघा. टाकीतून खाली येणारा जाड पाइप भिंतीला लोखंडी पट्टीनं धरलेला असतो. पट्टीच्या लगेच खाली पाइपाला मोरीकडे जाणारा बारीक फाटा काढलेला आहे. पट्टी आपल्या जागी असेल तर काही बिघडत नाही. पण गवंड्यानं पट्टी बोटभर खाली ठोकली, किंवा प्लंबरनं फाटा बोटभर वर काढला, तर पट्टी त्या फाट्याच्या मानगुटीवर बसते. मोठ्या पाइपाला त्याचं काही वाटत नाही. फाटा मात्र चेमटतो, आणि तेही पाइपापासून अगदी थोड्या अंतरावर, वरच्या बाजूनं.

पोटात हेच होतं. काहींची कमान जन्मतः जरा खाली असते, काहींचा फाटा जरा वर असतो. यात खाण्यापिण्याचा दोष नाही, ओझं उचलल्याचा नाही, बाळंतपणाचा तर नाहीच.

आता श्वासाचं. भिंतीवरची पट्टी हलत नाही, पोटातलं मात्र सगळं हलतं. श्वास सोडला की महाधमनी आणि तिचे फाटे किंचित वर सरकतात आणि फाट्याची मान पट्ट्याखाली जास्त दाबली जाते. श्वास भरून घेतला की फाटा खाली उतरतो, दाब सैल होतो. म्हणजे ‘मोठा श्वास घ्या, धरून ठेवा’ असं म्हणून मी ज्या क्षणी प्रोब फिरवत होतो, तो त्या मुलीच्या धमनीच्या सुटकेचा क्षण होता.

दुखतं नेमकं कशामुळे?

इथं डॉक्टरांमध्येच साठ वर्षं वाद चालू आहे.

पहिली बाजू रक्ताची. जेवल्यावर पचनाच्या अवयवांना जास्त रक्त लागतं. फाटा चेमटलेला असेल तर मागणी वाढते, पुरवठा वाढत नाही, आणि पोट कळवळतं. हृदयाची नळी अरुंद झालेल्या माणसाला जिना चढताना छातीत कळ येते, तसंच हे. ऐकायला एकदम पटतं.

पण शंका अशी की वरच्या पहिल्या फाट्याचं आणि खालच्या दुसऱ्या फाट्याचं आपसात भक्कम साटंलोटं असतं. स्वादुपिंडाच्या भोवती दोघांना जोडणाऱ्या बारीक धमन्यांच्या कमानी असतात. पहिला फाटा कोंडला की दुसरा या आडवाटांनी रक्त वर पाठवतो, जसं एका चारीला पाणी आलं नाही तर शेजारच्या चारीवरून पाट फोडून रान भिजवतात. आतड्याचे जुने आजार रक्ताअभावी होतात तेव्हा बहुधा तीनपैकी दोन फाटे तरी बिघडलेले असतात. मग इथं एकाच फाट्यानं एवढं दुखावं कसं? काही जण म्हणतात, दुखणं त्या पाट फोडण्यातूनच येतं : दुसऱ्या फाट्याचं रक्त पहिल्याच्या रानात वळतं आणि जेवणानंतर आतडं उपाशी राहतं.

दुसरी बाजू नसांची. सीलिअ‍ॅक धमनीच्या मुळाभोवती संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंचं दाट जाळं असतं. कमान धमनीवर बसते तेव्हा या जाळ्यावरही बसते. श्वासागणिक, म्हणजे दिवसातून हजारो वेळा, ते जाळं रगडलं जातं आणि चिडतं. आज पुष्कळ जाणकारांचा कल इकडे आहे, आणि मला स्वतःला दोन्ही बाजू थोड्या थोड्या खऱ्या वाटतात. काही रुग्णांना जेवणाशी संबंध नसताना, नुसतं पळाल्यावर किंवा जड काम केल्यावर दुखतं, त्याचा उलगडा रक्तापेक्षा नसांकडून जास्त सोपा होतो.

इतिहासही याच वादाचा आहे. १९१७ साली लिपशुट्झ यांनी मृतदेहांच्या अभ्यासात नोंदवलं की काहींच्या पोटात कमान या धमनीला दाबत असते. तेव्हा त्याला आजार म्हणायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. १९६३ साली फिनलंडचे सर्जन हारयोला यांनी जेवणानंतर दुखणाऱ्या एका रुग्णाची धमनी मोकळी केली आणि त्याचं दुखणं गेलं. १९६५ साली डनबार आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या रेडिओलॉजीच्या नियतकालिकात अशा रुग्णांची माहिती एकत्र मांडली, म्हणून याला डनबार सिंड्रोम असंही म्हणतात. आणि १९७२ साली सिलाजी या नामवंत अमेरिकी सर्जननं सहकाऱ्यांसह विचारलं, असा आजार खरोखर आहे तरी का?

तो प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. त्यामागचा हिशेब आपल्याच जिल्ह्यावर करून बघू. खालच्या कमानीचं प्रमाण धडधाकट माणसांतही १० ते २४ टक्के धरलं जातं. २०११ च्या जनगणनेत लातूर जिल्ह्याची लोकसंख्या साडेचोवीस लाखांच्या आसपास होती. अगदी कमीतला आकडा घेतला तरी जिल्ह्यात अडीचेक लाख लोकांची कमान धमनीच्या वाटेत आलेली निघेल. ते हुरडा खातात, लग्नात पंगतीला बसून बुंदी रिचवतात, आणि ढेकर देऊन झोपतात. त्यांना काहीही होत नाही. प्रत्यक्ष आजार मात्र लाखात दोनेकांना, असं सांगितलं जातं. म्हणजे जिल्ह्यात फार तर पन्नासेक. हिशेब ढोबळ आहे, पण दोन आकड्यांमधली दरी बघा. आत्ता समजा सगळ्या लातूरकरांचे स्कॅन काढले आणि दबलेल्या प्रत्येक धमनीवर ऑपरेशन करायला घेतलं, तर जवळपास सगळी ऑपरेशनं फुकट जातील.

म्हणून मी रिपोर्टमध्ये ‘धमनी दबलेली दिसते’ असं लिहितो तेव्हा त्या वाक्याला एकट्याला काही किंमत नसते. किंमत येते ती समोरच्या माणसाच्या दुखण्याशी ते जुळलं तर. आणि याच्या उलटही खरं आहे : स्कॅनमध्ये काही दिसलं नाही म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. या आजारात मी दोन्ही प्रकारचे अन्याय पाहिलेत, आणि दुसऱ्यात माझा वाटा होता.

आधी काय काय वगळायचं

वरच्या पोटात दुखतं म्हणजे हाच आजार, असं समजून कुणी धावत सुटू नये. आपल्याकडे जेवणानंतर दुखणाऱ्या पोटांची कारणं बहुतेक वेळा अगदी नेहमीचीच निघतात.

पहिलं कारण अंगदुखीच्या गोळ्या. ऊसतोडीला गेलेली माणसं, कापूस वेचणाऱ्या बाया, रोज संध्याकाळी टपरीवरून किंवा मेडिकलमधून एक-दोन गोळ्या घेऊन झोपतात. वर्षानुवर्षं उपाशीपोटी घेतलेल्या त्या गोळ्या जठराला जखमा करतात, हे डॉक्टरला सांगायचंही कुणाला सुचत नाही, कारण ‘औषध’ म्हणून ती गोळी मोजलीच जात नाही. मग जठरातला एच. पायलोरी नावाचा जंतू, पित्ताचे खडे, दारूनं सुजलेलं स्वादुपिंड. आतड्याचा क्षयरोग तर आपल्या देशात कधीच विसरू नये. त्यातही जेवल्यावर दुखतं आणि वजन उतरतं. पन्नाशी-साठीच्या, तंबाखू किंवा बिडीची जुनी सवय असलेल्या, मधुमेह असलेल्या माणसाला जेवणानंतर दुखू लागलं तर आतड्याच्या धमन्यांत चरबीचे थर साचलेत का, ते बघावं लागतं. तो वेगळा आणि जास्त धोक्याचा आजार आहे. तिथं धमनी आतून बुजते. आपल्या विषयात ती आतून चांगली असते, बाहेरून दाबलेली असते. आणि चाळिशीनंतर कारण नसताना वजन उतरत असेल तर कॅन्सर नाही ना, हे आधी पाहिलं जातं.

काळी डांबरासारखी शी, रक्ताची उलटी, कावीळ, गिळताना अडकणं, ताप, किंवा अचानक आलेली न सोसवणारी कळ, यांतलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हे सगळं वगळून झाल्यावर जे चित्र उरतं ते असं : बहुधा वीस ते पन्नास वयाची, बहुधा बाई (बायकांत प्रमाण तीन-चारपट सांगितलं जातं), बहुधा सडपातळ. जेवल्यावर वरच्या पोटात कळ, मळमळ, कधी उलटी, कधी जुलाब. हळूहळू जेवणाचीच भीती बसते. भूक असते, पण ताट समोर आलं की कळ आठवते, म्हणून हात आखडतो. घरचे याला नखरे म्हणतात. आपल्याकडे बाई सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवते, त्यामुळे तिनं किती खाल्लं ते कुणी पाहिलेलंच नसतं. वजन उतरून कपडे ढगळ झाले की मग कळतं.

काही रुग्णांच्या बेंबीच्या वर स्टेथोस्कोप ठेवला तर फुरफुर ऐकू येते, आणि श्वास सोडल्यावर ती वाढते. नळाचं तोंड अंगठ्यानं दाबल्यावर पाणी जसं आवाज करतं तसा तो आवाज. तो सगळ्यांना येत नाही, पण ऐकायला पैसे लागत नाहीत.

तपासणी : श्वास सोडून

माझ्या टेबलावर ती मुलगी तिसऱ्यांदा आली ती शहरातल्या एका पोटविकार तज्ज्ञांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर लिहिलं होतं : सीलिअ‍ॅक डॉप्लर, श्वास घेऊन आणि सोडून. उपाशीपोटी.

डॉप्लर म्हणजे सोनोग्राफीच, फक्त तीत रक्ताचा वेग मोजता येतो. पाइप जिथं अरुंद तिथं पाण्याचा वेग वाढतो, ठिबकच्या नळीला चिमटा काढला की बारीक जोरदार चिळकांडी उडते, तेच तत्त्व. सीलिअ‍ॅक धमनीत हा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटरच्या वर गेला तर ती बरीच अरुंद झाली असावी अशी शंका घेतात. श्वास सोडून ३५० च्या वर गेला, आणि श्वास घेताना-सोडताना धमनीचा कोन ५० अंशांहून जास्त बदलला, तर या आजाराकडे बोट जातं.

“मोठा श्वास घे.” वेग जरा जास्त, पण डोळे विस्फारावेत असं काही नाही. “आता सगळा सोड. अजून. पोट आत. थांब तशीच.” स्क्रीनवरचा आलेख एकदम उंच उडाला, रंग पिवळे-निळे फिसकटले, आणि एरवी खाली झुकलेला फाटा मान मुरगाळल्यासारखा वर वळलेला दिसला. ती म्हणाली, “सर, आत्ता दुखलं.”

पुढची पायरी सीटी अँजिओग्राफी. शिरेतून रंगद्रव्य देऊन धमन्यांची चित्रं काढतात. समोरून बघितलं तर हा आजार निसटतो. बाजूनं, म्हणजे माणूस कडेनं उभा कापल्यासारखं चित्र केलं, की दिसतो. फाट्याच्या मुळापासून साधारण पाच मिलिमीटरवर वरून खोबण पडलेली, धमनी हुकासारखी वाकलेली, आणि दाबलेल्या जागेच्या पुढं ती थोडी फुगलेली. इथंही श्वासाचा घोळ आहेच. सीटी बहुतेक वेळा श्वास भरून धरायला सांगून काढतात, त्यामुळे सौम्य दाब सुटून जातो. उलट फक्त श्वास सोडून काढली तर धडधाकट माणसाचीही धमनी दबलेली दिसू शकते. म्हणून दोन्ही स्थितींतली चित्रं लागतात. श्वास भरूनही दाब सुटत नसेल तर त्याला जास्त वजन द्यायचं.

सगळं जुळलं तरी ऑपरेशनच्या आधी काही ठिकाणी आणखी एक परीक्षा घेतात. त्या मज्जातंतूंच्या जाळ्याभोवती सुईनं बधिर करणारं औषध सोडायचं आणि मग रुग्णाला जेवू घालायचं. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा न दुखता जेवण झालं, तर दुखण्याचा उगम तिथंच आहे याला बळ मिळतं. औषधाचा असर काही काळानं जातो, हा उपचार नव्हे, चाचणी.

अडकित्ता

या आजाराचे जवळचे दोन भाऊबंद थोडक्यात सांगतो, कारण रिपोर्टांत आणि इंटरनेटवर ही नावं एकमेकांत मिसळतात.

मघाशी ज्याला दुसरा फाटा म्हटलं, तो महाधमनीतून निघून तिरका खाली जातो. दोघांमध्ये एक कोन तयार होतो, अडकित्त्याच्या दोन पात्यांमधला असतो तसा. एरवी हा कोन ३८ ते ६५ अंशांचा असतो आणि त्यातली चरबीची उशी पाती दूर ठेवते. माणूस फार खंगला, लांबचं आजारपण झालं, तर ती उशी वितळते, कोन २५ अंशांच्या आत येतो आणि मधून जाणारं लहान आतडं चिमटलं जातं. याला एसएमए सिंड्रोम म्हणतात (एसएमए ही त्या दुसऱ्या फाट्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं). यात धमनी दबत नाही, धमनीच आतड्याला दाबते. पोट लवकर भरतं, हिरवट उलट्या होतात, पालथं किंवा डाव्या कुशीवर झोपलं की बरं वाटतं. त्याचा पहिला उपचार म्हणजे नळीनं किंवा कसंही करून पोषण देऊन वजन वाढवणं.

त्याच अडकित्त्यात कधी डाव्या मूत्रपिंडाची शीर सापडते, तेव्हा डाव्या कुशीत दुखतं, लघवीतून रक्त जातं. इंग्रजीत त्या आजाराचं नावच नटक्रॅकर आहे. मराठीत कुणी अडकित्ता म्हटलं असतं तर आपल्या आजीलाही कळलं असतं.

उपचार आणि त्यातली प्रामाणिक अनिश्चितता

कमान गोळीनं सैल होत नाही. थोडं थोडं, वरचेवर खाणं, तेलकट कमी करणं यानं दिवस ढकलता येतात. खरा उपाय म्हणजे तो पट्टा कापून धमनी मोकळी करणं. आज हे बहुतेकदा दुर्बिणीतून करतात, काही मोठ्या केंद्रांत रोबोटच्या मदतीनंही. सर्जन जठर आणि यकृत बाजूला सारून महाधमनीपर्यंत पोचतो, कमानीचे तंतू एकेक करून कापतो, धमनीभोवतीचं मज्जातंतूंचं जाळंही सोडवतो किंवा काढतो. ऐकायला सोपं, करायला जोखमीचं, कारण शरीरातली सर्वांत मोठी धमनी हाताखाली धडधडत असते. २०१२ साली वीस अभ्यासांतल्या ४०० रुग्णांची माहिती एकत्र करून मांडली गेली. दुर्बिणीनं सुरू केलेल्या ऑपरेशनांपैकी नऊ टक्क्यांच्या आसपास रक्तस्रावामुळे पोट उघडून पूर्ण करावी लागली. म्हणून हे काम ज्यानं आधी केलेलं आहे आणि ज्याच्या शेजारी रक्तवाहिन्यांचा सर्जन हजर आहे, त्याच्याकडेच करावं. किती केलीत, हे विचारायला लाजू नये.

त्याच माहितीत सुमारे ८५ टक्के रुग्णांना ऑपरेशननंतर लगेच आराम पडलेला होता. काहींचं दुखणं पुढं परत आलं. कुणाला फायदा होईल याचा अंदाज १९८५ च्या ५१ रुग्णांच्या अभ्यासातून येतो : ज्यांचं दुखणं ठळकपणे जेवणाशी बांधलेलं होतं आणि ज्यांचं वजन बरंच उतरलं होतं, त्यांना गुण जास्त आला. दुखणं कधीही येणारं-जाणारं, मध्येच महिनोन्‌महिने गायब होणारं असेल तर गुण कमी. म्हणजे स्कॅनपेक्षा रुग्णाची कहाणी जास्त सांगून जाते, हे इथंही दिसतं.

हृदयात घालतात तशी स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, घालून काम भागणार नाही का, असं प्रत्येक नातेवाईक विचारतो. टाकीच्या पाइपाकडे परत बघा. फाटा बाहेरून पट्टीखाली दबलाय, त्यात आतून नळी सारली तर पट्टी जागची हलत नाही, ती नळीलाच श्वासागणिक चेपत राहते. नळी सरकते, मोडते, बुजते. आधी पट्टा कापायचा. त्यानंतरही धमनी अरुंद राहिली आणि त्रास उरला, तर मग फुग्यानं धमनी आतून रुंद करण्याचा किंवा स्टेंटचा विचार.

आणि ज्यांना काहीच त्रास नाही, दुसऱ्याच कारणानं काढलेल्या स्कॅनमध्ये हे सापडलं, त्यांचं काय? बहुतेकांनी कागद फाइलला लावून कामाला लागावं. दोन अपवाद डॉक्टरांच्या कानावर घालण्यासारखे : पाट फोडलेल्या त्या आडवाटांवर क्वचित रक्तवाहिनीला फुगा येतो आणि तो फुटू शकतो, म्हणून रिपोर्टमध्ये तसं लिहिलं असेल तर दुर्लक्ष नको. आणि पुढं कधी स्वादुपिंडाचं किंवा यकृताचं मोठं ऑपरेशन ठरलं तर सर्जनला हे आधी सांगावं. ज्या आडवाटेवर यकृताचं रक्त अवलंबून आहे, ती ऑपरेशनमध्ये कापली गेली तर घोटाळा होतो.

त्या मुलीचं ऑपरेशन पुण्याला झालं. चार महिन्यांनी आली तेव्हा पाच किलो वजन परत आलेलं होतं. पूर्ण बरं वाटतं का विचारलं तर म्हणाली, “पयल्यासारखं न्हाई दुखत. पण पोटभर खायचं म्हणलं की भ्या वाटतं अजून.” वेग उतरला होता, पूर्ण सामान्य नव्हता. सासू या वेळी बाहेर बाकावर बसली होती. पिशवीत शेंगदाण्याचे लाडू आणलेले, दर दोन तासांनी एक, असा डॉक्टरांनी दिलेला हिशेब ती घड्याळ बघून पाळत होती.

कुणाला स्वतःबद्दल किंवा घरातल्या कुणाबद्दल शंका असेल, तर मोठ्या दवाखान्यात जाण्याआधी दोन कामं घरीच होतात. एक, पंधरा दिवस वहीत लिहा : काय खाल्लं, किती वाजता, कळ किती वेळानं आली, किती वेळ टिकली, झोपून वाढली की बसून, वजन किती. दुसरं, जुन्या सीटीचा नुसता कागदी रिपोर्ट नेऊ नका, सीडी न्या. पोटाची साधी सीटी झालेली असेल आणि शिरेतून रंगद्रव्य दिलेलं असेल, तर तीच चित्रं बाजूनं फिरवून पुन्हा बघता येतात आणि दुसऱ्या सीटीचा खर्च कधीकधी वाचतो. सीडी हरवली असेल तर जिथं काढली तिथं मागा. काही महिने तरी ती संगणकात असते, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही.